पगाराची फोड आधी तपासा, पीएफचं नंतर बघू

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुने कामगार कायदे मोडीत निघाले आणि त्यांच्या जागी चार संहिता आल्या. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातल्या छोट्या कारखानदारांना पहिली चिंता असते पीएफची. पण १५,००० रुपयांच्या मर्यादेवर पीएफ भरत असाल, तर मालकाचा १,८०० रुपयांचा वाटा आहे तेवढाच राहतो. बोजा वाढतो तो ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम) आणि शिल्लक रजेच्या पैशांत, कारण 'वेतन' कशाला म्हणायचं हेच बदललंय.

अनेक ठिकाणी एकूण पगाराचे सरळ दोन भाग करून अर्धा भाग वेतन धरला जातो. हे चूक आहे. वेतनातून काय वगळायचं याची यादी कायद्यात ठरलेली आहे: घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, मालकाचा पीएफ, कायद्याने द्यावा लागणारा बोनस, ओव्हरटाइम, कमिशन वगैरे. 'स्पेशल अलाउन्स' हे नाव त्यात कुठेच नाही. त्यामुळे तो आधी पूर्णपणे वेतनात जातो आणि पन्नास टक्क्यांची कसोटी, म्हणजे वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त आहेत का हे बघणं, त्यानंतर लागते.

समजा, सुपरवायझरला महिना ४४,००० रुपये मिळतात. बेसिक व महागाई भत्ता १६,०००, घरभाडे १०,०००, प्रवास ८,०००, स्पेशल १०,०००. वेतन झालं २६,०००. वगळलेले १८,०००, त्यात मालकाचा पीएफ १,८०० धरला तरी १९,८००. हे एकूण ४५,८०० च्या निम्म्याहून कमी आहेत, म्हणून आणखी काही मिळवायचं नाही. निम्म्याहून जास्त असते, तर वरची रक्कम वेतनात धरावी लागली असती. सरळ अर्धा पगार धरणाऱ्याचं उत्तर २२,००० येतं, म्हणजे ४,००० नी कमी.

आता ग्रॅच्युइटी. शेवटच्या वेतनाला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग सेवेच्या वर्षांनी. फक्त बेसिक व महागाई भत्त्याच्या १६,००० वर एका वर्षाचे साधारण ९,२३१ रुपये होतात, २६,००० वर १५,०००. दहा वर्षं झालेल्या माणसामागे फरक ५७,००० रुपयांच्या वर जातो, कारण मागची वर्षंही आजच्याच वेतनाने मोजली जातात. डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांनी यासाठी एकरकमी तरतूद दाखवली. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यानेही मार्चअखेरच्या ताळेबंदाआधी हा आकडा सीएसोबत बसून काढावा.

स्पेशल अलाउन्स गुपचूप प्रवास भत्त्यात टाकून वेतन खाली आणण्याचा मोह आवरा. त्यात कामगाराच्या हक्काचे पैसे जातात. शिवाय त्याच्या वेतनाच्या अटी बदलायच्या तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते.

मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता एका वर्षाच्या सेवेनंतर, सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. अकरा महिन्यांची पत्रं देऊन, मध्ये चार दिवस खंड दाखवून पुन्हा त्याच माणसाला घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ती आता सोडा. हजेरी आणि बँकेच्या नोंदी पाहिल्या की हे खंड कागदी आहेत हे लगेच कळतं.

सर्वात जास्त घोळ होणार आहे फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी संपतानाच्या शेवटच्या हिशोबात. राजीनामा असो, कामगार कपात असो वा बडतर्फी, वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकतं करायचं आहे. 'पुढच्या महिन्याच्या सात तारखेला या' हे आता चालणार नाही. अडतं ते बहुधा स्टोअरच्या नो-ड्यूजवर (काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यावर). त्यासाठी नोटीस काळातच हत्यारं, गणवेश, उचल यांचा हिशोब पूर्ण करा, शेवटच्या दिवशी फक्त हजेरी हिशोबात धरायची राहू द्या. उचल कापायची असली तरी सगळ्या कपाती मिळून त्या पगाराच्या पन्नास टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ३० दिवस.

जालन्याच्या रोलिंग मिल आणि लातूरच्या डाळ मिलमध्ये बरीच माणसं मुकादमाच्या किंवा ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर कामाला लागतात. दहा किंवा जास्त कामगार असतील तर प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यावंच लागतं. जुन्या कामगारांसाठी संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांची मुदत होती. राहिलं असेल तर मागची तारीख टाकू नका, आजच्या तारखेनं पत्र द्या आणि कामावर लागल्याची खरी तारीख आत लिहा. हुद्दा, कौशल्याचा वर्ग, वेतनाची फोड आणि यूएएन (कामगाराचा पीएफ क्रमांक) त्यात असू द्या. पत्र मराठीत, बिहार-उत्तर प्रदेशच्या कामगाराला हिंदीत. पोच म्हणून सही किंवा अंगठा घ्या.

कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट: फक्त हंगामात काम करणाऱ्याची ग्रॅच्युइटी प्रत्येक हंगामाला सात दिवसांच्या वेतनाने मोजतात. म्हणून हंगाम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख हजेरीपटावर दरवर्षी लिहून ठेवा.