पांढरी दोनवरून काळी एक

गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या तीन तासांच्या सेशनमधला शेवटचा पाऊण तास उरला होता आणि गायिकेला वरचा सूर झेपत नव्हता. आदल्या रात्रीपासून तिचा घसा धरला होता. ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. शेवटी संगीतकारांनीच काचेपलीकडून हात वर केला आणि म्हणाले, "अर्धा सूर खाली घेऊ या."

पांढरी दोनवरून काळी एक. म्हणजे डी मेजरवरून डी फ्लॅट मेजर. पेटीवाल्याचा हात एका पट्टीने सरकतो आणि काम होतं. व्हायोलिनचं तसं नाही. आमच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई. डी मेजरमध्ये हे चारही सूर येतात. त्यामुळे बोट न ठेवता तार छेडता येते, आणि न छेडलेल्या ताराही आपोआप गुंजत राहतात. डी फ्लॅट मेजरमध्ये या चारांपैकी एकही सूर नाही. प्रत्येक सुरावर बोट ठेवावं लागतं, आधाराला एकही मोकळी तार नसते, आणि बारा व्हायोलिनं एकदम वाजली की सुराचा केसभर फरकही लगेच कानाला टोचतो. त्यात मधल्या अंतऱ्याआधी आमच्याकडे जलद सुरांची एक लांब धाव होती. डी मेजरमध्ये ती हाताखाली छान बसली होती.

संगणकावर रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकचा सूर खाली ओढता येतो, हे खरं. पण ओढायला ट्रॅक तर हवा! संगीतकारांना गाणं आणि वाद्यवृंद एकाच वेळी, एकमेकांना ऐकत हवे होते, आणि एवढे वादक पुन्हा एकत्र मिळणं कठीण होतं.

व्हायोलिनवाल्यांचे प्रमुख, आमचे लीडर, उठले. आवाज न चढवता म्हणाले, "पान बदलायचं नाही. सूर जिथे छापलेत तिथेच राहतील. दोन शार्प खोडा, पाच फ्लॅट लिहा." शार्पची खूण सूर अर्धा वर नेते, फ्लॅटची अर्धा खाली, आणि नॅचरल म्हणजे दोन्ही नाही. हा जुन्या वादकांचा हिशेब आहे. डी आणि डी फ्लॅट या दोन्हींची अक्षरं एकच, म्हणून सुरांच्या जागा हलत नाहीत, फक्त सुरुवातीची खूण बदलते. मध्ये जिथे वेगळी चिन्हं येतात, तिथे शार्पचा नॅचरल होतो आणि नॅचरलचा फ्लॅट. लीडरांनी त्या जागा बार नंबरासकट, म्हणजे पानावरच्या घरांच्या क्रमांकासकट, मोठ्याने वाचून दाखवल्या. आम्ही पेन्सिलीने खुणा केल्या. नोटेशनच्या माझ्या स्टँडवर आतल्या बाजूला बसणारा माझा जोडीदार (पान उलटणं त्याचं काम, आणि ते त्याच्याइतकं वेळेवर करणारा मी दुसरा पाहिलेला नाही) माझ्याही खुणा करत होता, कारण मी धावेवर बोटं बसवून पाहत होते.

बोटं बसत होती. पण बारा जणांची, त्या वेगात, तेवढ्या वेळात? लीडरांनी एकदा वाजवून घेतलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. ती आठी मी ओळखते. माझ्या पहिल्या वर्षांत त्यांनी मला शेवटच्या स्टँडवर बसवून जे शिकवलं, ते कुठल्या वर्गात मिळालं नसतं. स्वतःचं व्हायोलिन ऐकू नकोस, बास ऐक, तुझा सूर त्याच्यावर ठेव. हेडफोनचा एक कान मोकळा ठेव, क्लिकचा ठोका एका कानात आणि माणसं दुसऱ्या कानात. बोची, म्हणजे गजाची, दिशा पुढच्या स्टँडकडे पाहून धर, आपल्या मनाने नाही. त्या काळात मी खूप जोरात वाजवत असे. ते मला कधी "हळू वाजव" म्हणाले नाहीत. "शेजारचा काय वाजवतोय ते मला सांग," म्हणायचे. सांगता येण्याइतकं ऐकायचं तर हळू वाजवावंच लागे.

तर, ती आठी पाहून मागून क्लॅरिनेटवाले दादा म्हणाले, "धाव मला द्या. तुम्ही फक्त ठोक्यावरचा सूर धरा."

हे किती मोठं होतं, ते वाजवणाऱ्यालाच कळेल. क्लॅरिनेट वेगवेगळ्या सुरांची असतात, पट्टीला सोयीचं ते घ्यायचं. डी मेजरसाठी त्यांनी ए क्लॅरिनेट घेतलं होतं. आता ते खाली ठेवून बी फ्लॅट क्लॅरिनेट उचलायचं, म्हणजे थंड पडलेलं वाद्य, आणि थंड क्लॅरिनेट सुराला उतरतं. वर व्हायोलिनचं पान वाचायचं, तेही प्रत्येक सूर एक पायरी वर धरून, पहिल्याच नजरेत. त्यांनी होकाराची वाटही पाहिली नाही. वाद्य उचललं आणि सूर न काढता आत नुसती गरम हवा फुंकत बसले. आम्ही आमचं पान त्यांच्या स्टँडवर नेऊन ठेवलं आणि आम्ही दोघं मागच्या स्टँडला चिकटलो. एका पानावर चौघं.

ट्रम्पेटवाल्यांना या बदलाने उलट सोपं झालं होतं. त्यांचं पान एक पायरी वर लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यावर चार शार्पांच्या जागी तीन फ्लॅट आले होते. स्वस्थ बसून राहिले असते तर कुणी काही म्हणालं नसतं. पण त्यातल्या एकाने धावेच्या शेवटच्या सुराला हलका आधार देऊ का, असं विचारलं, म्हणजे दादांना तिथे श्वास घेता येईल. संगीतकारांनी काचेपलीकडून मान हलवली.

लाल दिवा लागला. आम्ही ठोक्यावरचे सूर धरले आणि त्यांच्यामधून ती धाव पाण्यासारखी निघून गेली. मोकळ्या तारांची झळाळी गेल्यामुळे व्हायोलिनचा आवाज मऊ झाला होता आणि क्लॅरिनेट त्यात सुंदर बसलं. गायिकेचा सूर लागला. तोच टेक ठेवला. आज ते गाणं ऐकणाऱ्याला वाटतं, ही जागा क्लॅरिनेटसाठीच लिहिली होती.

आणि कव्हरवर आमच्यापैकी कुणाचंच नाव नव्हतं. आमच्या धंद्यात हे जुनं आहे. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीची 60 च्या दशकातली गाणी जगभर वाजली; ती वाजवणाऱ्या 'फंक ब्रदर्स'ची नावं कव्हरवर यायला 1971 साल आणि मार्विन गे यांचा अल्बम उजाडावा लागला. आपल्याकडे प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंचं नाव 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये थेट गाण्यातच आणलं. अँथनी गोन्साल्विस हे शब्द लाखो लोकांनी गुणगुणले, आणि त्यातल्या अनेकांना ठाऊकही नव्हतं की ते खरेखुरे व्हायोलिनवादक आणि अरेंजर होते. मला ही गोष्ट फार आवडते. ज्याच्या हातात गाणं होतं त्याने गुरूंसाठी ते वापरलं.

माझ्या हातात गाणं नाही. मी वही ठेवते. प्रत्येक सेशनला कोण कुठे बसलं, कुणी काय वाजवलं, नोटेशनच्या प्रती कुणी काढल्या. ही सवय त्याच दिवसापासून लागली. घरी पोचल्यावर, जेवायच्या आधी, मी पहिलं पान भरलं होतं. लीडर आता वाजवत नाहीत, पण बार नंबर अडला की मी त्यांना फोन करते आणि ते पाठ असल्यासारखे सांगतात.

त्या गाण्याची नवी आवृत्ती काढताना कंपनीने वादकांची नावं मागवली, तेव्हा ते पान कामी आलं. सगळी यादी छापून आली. मी क्लॅरिनेटवाल्या दादांना फोन करून सांगितलं.

"ट्रम्पेटवाले आहेत ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"आणि प्रती काढणारा पोरगा?"

"तोही आहे, दादा."

मग ते म्हणाले, "आता माझं नाव वाचून दाखव."