गोड तिखट

मराठीत ‘तिखट’ ही चवही आहे आणि डब्यातली पूडही. म्हणून हंगेरीत, बुडापेस्टच्या बाजारात एका आजींनी लालभडक पुडीचं पाकीट माझ्यापुढे धरलं, त्यावरच्या ‘एदेश’ या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्या फोनने त्याचा अर्थ ‘गोड’ असा सांगितला, तेव्हा मला फोनचीच शंका आली. गोड तिखट? हे म्हणजे कोरडं पाणी म्हटल्यासारखं झालं.

सुट्टीत राजवाडे, चर्च, पूल बघायचे असतात हे मान्य. पण नवऱ्याने संग्रहालयाची तिकिटं काढली की मी मंडई कुठे आहे ते आधी विचारून ठेवते. इथली मोठी मंडई डॅन्यूबच्या काठी, हिरव्या लोखंडी पुलाच्या तोंडाशी आहे. 1897 साली उघडली, शामू पेत्स नावाच्या वास्तुरचनाकाराने बांधली. छपरावर पेच शहरातल्या झोल्नाय कारखान्यातली रंगीत कौलं, आत रेल्वे स्टेशनसारखा उंच लोखंडी सांगाडा. बाहेरून देऊळ म्हणावं की स्टेशन ते ठरेना. आत शिरल्यावर मात्र कांदे, कोबी आणि सॉसेजचा वास आला आणि प्रश्न मिटला.

सवयीने मी पहिल्याच गाळ्यावर टोमॅटो दाबून बघायला हात घातला. मालकीणबाईंनी नुसती भुवई उचलली. हात मागे आला. इथे बोट दाखवायचं, त्या निवडून देतात. त्यात मिळेल ते पदरी पडतं, आणि घासाघीस तर विसराच. वजन मात्र फार गोड भाषेत मागतात: ‘देका’. एक देका म्हणजे दहा ग्रॅम. ‘वीस देका’ म्हणताना आजीचं पावशेर-छटाक आठवलं आणि उगाचच जवळचं कोणीतरी भेटल्यासारखं झालं.

तळघरात लोणची आहेत. काकडी, कोबी, कांदे, सगळं आंबट पाण्यात बुडवलेलं. एका बरणीत तर भाज्यांचे काप लावून चक्क हसरा चेहरा केला होता. तेलाचा थेंब नाही, मोहरी फेसायची भानगड नाही. मी चाखलं. वाईट नव्हतं, पण लोणचं म्हणायला जीभ वळेना. वरच्या मजल्यावर लांगोश खाल्ला. भटुऱ्याएवढी तळलेली पोळी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. एक दोघांत पुरला, हे नवऱ्याचं म्हणणं. मला पुरला नव्हता.

पण माझा जीव अडकला होता तो खालच्या त्या गाळ्यात, जिथे सुक्या लाल मिरच्यांच्या माळा पडद्यासारख्या लोंबत होत्या. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळत पडायच्या आणि देठं खुडताना घरभर शिंका. इथे इतक्या मिरच्या असूनही कोणी शिंकत नव्हतं. कारण पुडीच्या नावातच होतं. मिरचीचा जाळ असतो तिच्या आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये. एकोणिसाव्या शतकात इथल्या लोकांनी त्या शिरा आणि बिया काढून मिरची दळायला सुरुवात केली, पुढे विसाव्या शतकात जाळच नसलेल्या जाती तयार केल्या. सेगेद आणि कलोचा ही त्यांची मिरचीची गावं. आपल्याकडे रंगाला ब्याडगी आणि ठसक्याला लवंगी, दोघी एकाच डब्यात नांदतात. यांनी रंग ठेवला आणि ठसक्याला बऱ्याच अंशी रजा दिली. अगदीच नाही म्हणा, ‘चीपोश’ लिहिलेली जहाल पाकिटंही होती, पण ती मागच्या रांगेत.

खरं तर मिरची ना त्यांची, ना आपली. अमेरिकेतून आली. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून, त्यांच्याकडे तुर्कांमार्फत. जुनं नावसुद्धा ‘तुर्की मिरी’. आणि दोन्हीकडे बारसं करताना डोळ्यांसमोर मिरीच होती. आपली मिरची मिरीवरून आणि त्यांचा ‘पाप्रिका’ हा मिरचीचा शब्द मिरीसाठीच्या सर्बियन शब्दावरून. तो शब्द मागे मागे नेत गेलं तर लॅटिन, ग्रीक करत थेट आपल्या पिप्पलीपाशी, म्हणजे पिंपळीपाशी पोचतो. पाकिटावरच्या परक्या अक्षरांत घरचीच पिंपळी दडलेली निघाली.

याच मिरचीने या देशाला नोबेलही मिळवून दिलं. सेगेदचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी सांगितलेली गोष्ट अशी: रात्रीच्या जेवणात बायकोने लाल मिरची वाढली, त्यांना ती खायची नव्हती, म्हणून ती घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत कळलं की ही क जीवनसत्त्वाची खाण आहे. 1937 साली नोबेल. ताटातलं टाकायची इतकी भारदस्त सबब आमच्या घरात अजून कोणाला सुचलेली नाही.

मी वीस देका गोड तिखट घेतलं.

पुण्यात आल्यावर आईच्या तळहातावर चिमूटभर ठेवलं. तिने जिभेला लावलं, डोळे मिटले, पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि वाट बघत बसली. बराच वेळ. मग डोळे उघडून म्हणाली, “मागून येतं का गं?”