चोर झाकणात होता

व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया शेवटी बोटाला चिकटायचा थांबला. अकरा दिवस गेले.

हा 1862 चा. ठिपक्यांवरून या रुपयाचा प्रकार ओळखतात, म्हणून मागचे ठिपके मोजायचे होते आणि हिरव्या चिकट्याखाली काही दिसत नव्हतं. नाण्यांचा अल्बम पीव्हीसीचा, म्हणजे क्लोरीनवाल्या मऊ प्लास्टिकचा, त्यात आमच्या आर्वीकडचा मे महिना. त्याचं तेल पाझरतं, आम्ल सुटतं, 91.7 टक्के चांदीतलं उरलेलं तांबं हिरवं पडतं. ॲसिटोनमध्ये (तेल विरघळवणारं, झटकन उडणारं द्रव) बुडवायचं, घासायचं नाही. सगळं पाठ आहे आपल्याला.

तसंच केलं. पहिल्या रात्री हिरवं सुटलं, मी खूश. सकाळी उन्हात तिरपा धरला तर वर मेणचट साय! पुन्हा बुडवला, पुन्हा साय. चौथ्या खेपेला मी ॲसिटोनवाल्यालाच शिव्या देऊन राहिलो होतो. (थिनर नाही बरं का, अमरावतीहून आणलेलं प्रयोगशाळेचं सीलबंद. नेलपॉलिश रिमूव्हरवाल्यांशी मी बोलतच नाही.)

मग आरशाच्या तुकड्यावर दोन थेंब टाकले. बाटलीतला उडून गेला, मागे काही नाही. दुसरा एका नव्या बरणीतला. तिच्यात नाणं अजून गेलंच नव्हतं, रात्रभर नुसतं ॲसिटोन होतं. त्या थेंबाने तेलकट कडं सोडलं.

नाणं बुडवायचो ती असो की ही, बरणी लोणच्याचीच, झाकण पत्र्याचं. आतली रबरासारखी गोल पट्टी फुगून नखाने निघत होती. ॲसिटोन 56 अंशांना उकळतं आणि आमची खोली दुपारी 42 वर. वाफ झाकणाला लागायची, थेंब होऊन खाली पडायची. म्हणजे रुपयाला मीच रोज तेल पाजत होतो.

आता काचेच्या दोन वाट्या, वर काचेच्या बशा. पहिलीतून काढून लगेच दुसरीत, मध्ये वाळू द्यायचं नाही. कूलरसमोर वाळवू नका. ॲसिटोन उडताना नाणं गार पडतं आणि दमट हवा त्यावर पाणी धरते. पहाटे पाचला अंगणात, चुलीपासून लांब केलं. साय गेली ती गेलीच. राणीच्या चोळीवरची नक्षी अशी उठली की चहा गार झाला. ठिपके दिसले, किती ते फोटोत, तोवर पैजा लावा. गालावर आम्लाने खाल्लेला एक खड्डा आहे, तो राहणार.

पुढे तांब्याचे पाव आणे धुवायला घेणार होतो. पण आधी नाण्यांचे उरलेले सगळे प्लास्टिक पाऊच पीव्हीसीचे आहेत का ते तपासतो: तांब्याची तार लाल तापवायची, प्लास्टिकला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन. हे बाहेर, वाऱ्यात, ॲसिटोनची बाटली घरात ठेवून.

थांबा, तीच तार झाकणाच्या पट्टीला का नाही?

लावून आलो. ज्योत हिरवीगार.