नोंद १४ : ‘साहेबां’ची भानगड

साताऱ्यात मी दोन विरोधी पक्षांच्या पाहुण्यांना एका व्यासपीठावर बसवून मुलाखती घेतो, आणि कुणाची बाजू न घेता त्या कशा घ्यायच्या ते इथे लिहितो. मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की दोघांना सारखा वेळ द्यायचं गणित सुटलं. ते खरंच सुटलं होतं. माजी खासदार ३१ मिनिटं बोलले, समोरच्या पक्षाचे प्रवक्ते ३०. प्रश्न तेच, कोण आधी बोलणार ते चिठ्ठी टाकून. हार नाही, शाल-श्रीफळ नाही, चहा आपल्या खर्चाचा. तरी कार्यक्रम संपल्यावर जिन्यात एकाने गाठलंच, “तुम्ही त्यांचेच ना?” दुसऱ्या दिवशी आणखी तिघांनी तेच विचारलं. चौघांचंही बोट एकाच बाजूला. दोन्हीकडून शिव्या पडल्या असत्या तर मी निवांत झोपलो असतो.

तीन आठवडे भलतीकडेच चूक शोधत बसलो. सगळं रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) टाकलं, कुणाला कुठे तोडलं तिथे तिथे खुणा केल्या. खासदारांना ९ वेळा, प्रवक्त्यांना ८. उपप्रश्न जवळपास सारखे. मग संशय खुर्चीवर गेला, कारण एक खुर्ची दिव्याखाली येते. मग आवाजावर. प्रवक्त्यांचा कॉलर माईक चाळिसाव्या मिनिटाला मेला होता, पुढचं त्यांनी हातातल्या माईकवर निभावलं. (भाड्याने देणारा “फुल चार्ज करूनच दिलाय” म्हणून आईची शपथ घेत होता. इथून पुढे माईक वायरचाच. वायर पायात येते, पण दगा देत नाही.) पण माईकचा त्रास त्यांना झाला म्हणजे सहानुभूती त्यांच्याकडे जायला हवी होती. तसंही काही दिसेना.

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. रविवारी हेडफोन न लावताच कापाकापी करत होतो, आई शेजारी मेथी निवडत बसली होती. दहा-बारा मिनिटं ऐकल्यावर जुडीवरून नजर न काढता म्हणाली, “आरं, ह्यातला आपला कोन हाय?”

“कुणीच न्हाई.”

“मग एकालाच सायेब का म्हनतुयास?”

मोजलं. तासाभरात माजी खासदारांना मी २३ वेळा ‘साहेब’ म्हटलं होतं. प्रवक्ते माझ्याहून चार वर्षांनी लहान, त्यांना नावापुढे ‘राव’ लावून १४ वेळा. एकदा तर चक्क “अरे हो, पण...” आणि हे माझ्या कानाला एकदाही खटकलं नव्हतं! वय बघून जीभ आपोआप वळली. खाली बसलेल्या माणसाच्या हातात काही घड्याळ नसतं. त्याला ‘साहेब’ तेवढं ऐकू येतं.

आपल्याकडे ही भानगड जास्तच आहे. हिंदी मुलाखतकार सगळ्यांना ‘जी’ लावून मोकळा होतो. आपले साहेब, दादा, भाऊ, आबा हे आदराने म्हटले जातात हे खरं, पण कोण कुणाला काय म्हणतो त्यावरून तो कुठल्या गटातला हेही कळतं. साताऱ्यात तर पानाच्या टपरीवरसुद्धा कळतं.

मग पर्याय घासून बघितले. मेहुण्याला आळीपाळीने दोन्ही पाहुणे केलं. ‘सर’ म्हटलं की शाळेत पोराची रजा मागायला गेल्यासारखं वाटतं. ‘माननीय’ म्हणताच डोळ्यांपुढे फ्लेक्स. ‘जी’ला मेहुणाच हसायला लागला. ‘आपण’वर माझी फार भिस्त होती. मी विचारलं, “आपण तेव्हा पक्ष का सोडला?” तर म्हणतो, “आपण दोघांनी?” संपलं.

शेवटी ठरलं ते असं. सुरुवातीला एकदा पूर्ण नाव आणि पद, दोघांचंही एकाच साच्यात. नंतर फक्त ‘तुम्ही’. प्रश्नांच्या प्रत्येक कार्डावर लाल शाईने वरच लिहिलं : तुम्ही. पाहुण्यांना आधी फोन करून सांगितलं. एकांच्या कार्यकर्त्याला ते मानवेना. “आमच्या साहेबांना नुसतं तुम्ही?” साहेब स्वतः मात्र म्हणाले, “चालतंय की, घरात तेच म्हणतात.”

परवाचं सत्र पक्षांतरबंदीवर होतं, पाहुणे तेच दोघे. मुद्दामच, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळलं नसतं. जीभ तीनदा घसरली, दोनदा एकाच्या बाजूने, एकदा दुसऱ्याच्या. २३ वरून एवढ्यावर आलो म्हणून त्या रात्री कंदी पेढे आणले.

आणि एक गोष्ट फुकटात हाती लागली. या विषयावर “आधी त्यांनी फोडले” सुरू झालं की गाडी रुळावर येत नाही, हे तुम्ही जाणताच. म्हणून सुरुवात फार मागून केली. १९६७ च्या निवडणुकांनंतर आमदारांच्या उड्या इतक्या वाढल्या की लोकसभेच्या ठरावावरून समिती नेमावी लागली. अध्यक्ष तेव्हाचे गृहमंत्री, आपले कराडचे यशवंतराव चव्हाण. बारा महिन्यांत ४३८ पक्षांतरं झाली होती, आणि सात राज्यांतल्या २१० फुटलेल्यांपैकी ११६ जण मंत्री झाले होते. हे आकडे वाचून दाखवले आणि विचारलं : १९८५ ला पक्षांतरबंदीची ५२वी घटनादुरुस्ती आली, पक्षाचे एक-तृतीयांश आमदार-खासदार एकदम फुटले तर पद न जाण्याची सवलत २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने गेली, दोन-तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची अजून आहे. ती ठेवायची की काढायची?

१९६७ साली आमचे खासदार प्राथमिक शाळेत होते, प्रवक्ते जन्मलेही नव्हते. एकमेकांवर फेकायला हाताशी काहीच नाही. खासदार सात सेकंद गप्प बसले. रेकॉर्डिंगमध्ये तिथे सरळ रेघ आहे आणि मागे पंख्याची टिकटिक. ती मी कापणार नाही. मग म्हणाले की सवलतीपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. फुटलेल्याला अपात्र ठरवायचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांच्या हातात, आणि तो किती दिवसांत द्यायचा हे घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, जिथे हे नियम आहेत तिथे, लिहिलेलंच नाही. प्रवक्त्यांनी मान डोलावली आणि मुदत हवी म्हणाले. दोघांचं एकमत, तेही आपल्या व्यासपीठावर, १४ सत्रांत पहिल्यांदा!

जिन्यात पुन्हा दोघांनी अडवलं. एक म्हणाला, “तुम्ही त्यांचेच.” दुसरा म्हणाला, “छे, ते तर ह्यांचे.” आणि दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मी सटकलो.

पुढचा विषय एकत्र निवडणुका ठरला होता. टिपणंही तयार आहेत : १९५१-५२ ते १९६७ पर्यंत लोकसभा-विधानसभा बहुतेक ठिकाणी बरोबरच व्हायच्या, इथपासून. पण हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की आजवर मी व्यासपीठावर फक्त पुरुषच बसवलेत, आणि खरी परीक्षा ‘ताई’ची आहे. ‘ताई’ म्हटलं तर गट ठरतो, ‘मॅडम’ म्हटलं तर तहसील कचेरी. तेव्हा एकत्र निवडणुका एक महिना पुढे. त्याआधी महिला आरक्षण, २०२३ ची १०६वी घटनादुरुस्ती, आणि दोन्ही खुर्च्यांवर बायका. एकींचा होकार आलाय, दुसरींच्या कचेरीत रोज फोन करतोय.

कराड, वाई, तासगावकडचे जे कुणी अशी सत्रं घेता, त्यांनी व्यासपीठावर बायकांना काय म्हणता तेवढं कळवा. इथे सरावाला माणूस नाही. ताई व्हायला मेहुण्याने साफ नकार दिलाय.