कामावर परतताना: ईएसआयमध्ये अर्ध्या दिवसाला जागा हवी

मणक्याच्या क्षयरोगाने मी घरी बसले, तेव्हा कर्मचारी राज्य विमा योजनेने, म्हणजे आपल्या ईएसआयने, माझे घर चालवले, हे आधी कृतज्ञतेने नोंदवते. पहिले 91 दिवस वेतनाच्या 70 टक्के आणि पुढे विस्तारित आजारपण लाभ म्हणून 80 टक्के रक्कम बँक खात्यात जमा होत होती. क्षयरोग हा विस्तारित लाभाच्या 34 दीर्घ आजारांपैकी एक असून वैद्यकीय मंडळाने मान्य केल्यास हा लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. माझा पगार महिना 19,000 रुपये. ढोबळ हिशेबाने 15,200 रुपये हाती येत, शिवाय उपचारांचा भार अंगावर नव्हता.

खरी अडचण सुरू झाली ती बरे वाटू लागल्यावर. भोसरीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. मायक्रोमीटरने जॉब, म्हणजे तयार झालेले सुटे भाग, तपासायचे, रिपोर्ट भरायचा आणि भरलेला क्रेट उचलून पुढच्या टेबलावर ठेवायचा, असे ते काम. कमरेला पट्टा बांधून दोन-अडीच तास सलग बसणे जमू लागले होते, पण क्रेट उचलणे किंवा पूर्ण पाळी काढणे शक्य नव्हते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आपुलकीने सांगितले की, थोडे थोडे काम सुरू करता आले तर अंगात ताकद लवकर येईल. मात्र त्यांच्यासमोरच्या प्रमाणपत्रात दोनच शक्यता होत्या: अमुक तारखेपर्यंत काम करण्यास असमर्थ, किंवा अमुक तारखेपासून कामास योग्य. ‘रोज चार तास योग्य’ असे लिहायला तिथे जागाच नव्हती.

याचे मूळ कायद्यात आहे. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या ईएसआय कायद्याच्या कलम 63 प्रमाणे ज्या दिवशी विमाधारकाने काम केले, त्या दिवसाचा आजारपण लाभ त्याला मिळत नसे. पगार आणि लाभ असे दुहेरी पैसे कोणी घेऊ नयेत, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. परंतु कायदा दिवसापेक्षा लहान माप धरत नसल्याने अर्धा दिवस कामावर गेलेल्या माणसाचा अख्ख्या दिवसाचा लाभ जात असे. माझ्या बाबतीत अर्धवेळ कामाचा पगार 9,500 रुपये झाला असता, म्हणजे घरी पडून राहण्यापेक्षा कामावर गेल्याने महिन्याला 5,700 रुपये कमी मिळाले असते.

अशा वेळी कारखान्यांतून एक सूचना हमखास येते, तशी मलाही आली: हजेरीवर नाव न लावता दोन-तीन तास येऊन बसा, पैसे रोख देऊ. मी नकार दिला, आणि या परिस्थितीत असलेल्या प्रत्येकाला कळकळीने सांगते की तुम्हीही द्या. हक्क नसताना घेतलेला लाभ कायद्याने परत करावा लागतो, खोटी माहिती देऊन तो घेणे हा गुन्हा आहे, आणि हजेरीवर नाव नसताना मशीनवर अपघात झाला, तर आपण त्या वेळी कामावर होतो हे सिद्ध करण्यातच वर्षे जातील.

मला सर्वांत खटकते ते असे की, याच कायद्याला अपघाताच्या बाबतीत अंशतः नुकसान उत्तम समजते. आमच्या प्रेस शॉपमधल्या (पत्रा दाबून घडवण्याच्या विभागातल्या) एका दादांची तर्जनी मुळापासून गेली. कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनी म्हणजे कमाईच्या क्षमतेत 14 टक्के घट, असे स्पष्ट लिहिले होते. वेतनाच्या 90 टक्के या दराचे 14 टक्के त्यांना आयुष्यभर मिळणार, आणि ते पूर्ण पगारावर कामही करतात. त्यात काहीही गैर मानले जात नाही. बोटाचे नुकसान टक्क्यांत मोजणारा कायदा पाठीच्या कण्याला मात्र एक तर पूर्ण आजारी किंवा पूर्ण बरा, एवढेच विचारतो.

शेवटी मी कामास योग्य असल्याचे प्रमाणपत्र घेतले आणि डॉक्टरांना विनंती करून त्यावर ‘वजन उचलू नये, बैठे काम द्यावे’ असे लिहून घेतले. ही ओळ जरूर लिहून घ्या. मालकावर ती सक्तीची नसली तरी सुपरवायझरशी बोलताना हाती कागद असतो. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. खासगी कारखान्यातल्या कामगाराला त्या कलमाचे संरक्षण नाही. माझ्या सुपरवायझरांनी क्रेट उचलायला दुसरा माणूस दिला, हा त्यांचा चांगुलपणा.

जर्मनीत हॅम्बर्ग मॉडेल नावाची पद्धत आहे. डॉक्टर तासांचे वेळापत्रक ठरवतात, कामगार रोज थोडे तास काम करत ते वाढवत नेतो, आणि या काळात तो कागदोपत्री आजारीच राहून त्याचा आजारपण भत्ता चालू राहतो. आपल्याकडे एवढे उदार होण्याचीही गरज नाही. 1948 च्या कायद्याची जागा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे; तिच्यात एवढीच तरतूद व्हावी की, डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपुरता अर्ध्या दिवसाचा पगार आणि अर्धा लाभ एकत्र घेता येईल. माझ्या आकड्यांत सांगायचे तर 9,500 रुपये मालकाकडून आणि 7,600 रुपये ईएसआय महामंडळाकडून, असे 17,100 रुपये मिळाले असते. महामंडळाचे तेवढेच 7,600 वाचले असते आणि कारखान्याला सरावलेला हात काही महिने आधी परत मिळाला असता.