कोमल निषादाखालचा ठिपका

मालकंस राग स्वरलिपीत वहीत उतरवायला घेतला आणि माझ्या पेनाचं पितळ उघडं पडलं. (पेन खरोखरच पितळेचं आहे. पायलट मेट्रोपॉलिटन नावाचं शाईचं पेन, भाच्याने दिलेलं. वरचा रंग अजून शाबूत आहे.)

मालकंसात गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल, म्हणजे जरा उतरलेले. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. स्वर मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, असला तर खाली ठिपका. शिवाय एकाच मात्रेत दोन-तीन स्वर असले तर सगळ्यांना खालून मिळून एक कंस. म्हणजे तानेत मंद्रातला निषाद आला की बिचाऱ्या ‘नि’च्या पायाशी तिघांची दाटी. माझी निब एम, मीडियम. वहीचा कागद शाई पिणारा. रेघ फुगायची, ठिपका तिच्यात विरघळून जायचा आणि आठवड्याने तीच वही समोर ठेवून मी बिनदिक्कत मध्य सप्तकातला नि गायचे. मिरजेला गाणं शिकवणाऱ्या बाईंनी पेटी थांबवली. “अगं, खाली उतरायचंय ना? वर कुठे निघालीस?”

मिरजेतच विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. पलुस्करांच्या लिपीत मंद्राचा ठिपका स्वराच्या डोक्यावर असतो आणि कोमलाला पाय मोडल्यासारखी खूण. माझ्या पेनाला तेच सोयीचे पडले असते. पण बाई पक्क्या भातखंडेवाल्या, तेव्हा हा विचार मी सांगलीच्या हद्दीतच ठेवला.

बॉलपेनने लिहिलं तर तासाभरात अंगठा दुखतो. राहिला एकच उपाय, निब बारीक करणं. घासून बारीक करतात म्हणे, पण टोकाशी जो कठीण धातूचा मणी असतो तो गेला की निब संपली. आणि माझा हात कसा आहे ते मला ठाऊक आहे. पूर्वी अण्णांच्या जुन्या एबोनाइटच्या पेनाची निब मी ह्यांच्या हत्यारांच्या पेटीतल्या पकडीने ओढली होती. निब निघाली, पण चिरेच्या दोन बाजूंच्या पाकळ्यांपैकी एक पाकळी आकाशाकडे आणि एक पाताळाकडे. ते पेन अजून कपाटात आहे. त्याच्याकडे बघायचं मी टाळते.

मग कळलं की पायलटच्याच काकुनो पेनाची निब मेट्रोपॉलिटनला चालते. दोन्हींत निब आणि जीभ (निबेखालची, शाई आणणारी पट्टी) नुसती दाबून बसवलेली असते, आटे नाहीत. काकुनो मुळात लहान मुलांसाठीचं पेन. षट्कोनी, प्लॅस्टिकचं, हलकं. एफ, म्हणजे फाइन, निबेचं मागवलं. हे म्हणाले, “मग त्यानेच लिही की! दोन पेनं कशाला मोडतेस?” मुद्दा बिनतोड होता. पण मला हातात वजन लागतं.

रविवारी दुपारी ओट्यावर जुनं फडकं पसरलं. दोन्ही पेनांतून निवळ पाणी येईपर्यंत धुतलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा निबेवरून आणि जिभेखालून असा धरला, बोटं शक्य तितकी पेनाच्या अंगाजवळ, आणि सरळ ओढलं. पिरगाळायचं नाही, हे अण्णांच्या पेनाने शिकवलंच होतं. टक्क आवाज झाला आणि दोन्ही हातात आलं. निबेची चीर जिभेच्या बरोब्बर मध्यावर आणून परत दाबलं. भिंगातून पाहिलं, दोन्ही पाकळ्या एका पातळीत. मी मोठ्याने “वा!” म्हटलं तेव्हा मांजर उठून गेलं.

काकुनोच्या निबेवर हसरा चेहरा कोरलेला असतो. मालकंसासारखा धीरगंभीर राग आणि तो लिहिणारं हे हसरं कार्टं.

पहिल्या ओळी कोरड्या आल्या. चिरेत पाणी राहिलं असावं. दहाएक ओळींनंतर शाई लागली. मग ‘ध नि सा म’ लिहिलं, पहिले दोन मंद्रातले. रेघ, खाली मोकळी जागा, मग ठिपका. कंसालाही ऐसपैस जागा. आधी त्रितालाच्या सोळा मात्रा एका ओळीत मावत नव्हत्या, शेवटच्या दोन खाली उतरायच्या आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधत बसावं लागायचं. आता सोळाही एका ओळीत, वर समासात टीप लिहायला जागा. आणखी एक, ‘ध’ची गाठ आता भरून जात नाही. माझा ‘ध’ आणि ‘घ’ वेगळे आहेत हे मलाही नव्याने कळलं.

मंगळवारी ऐटीत वही बाईंसमोर ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, वही खिडकीपाशी नेली. “मुंग्या सोडल्यात का गं कागदावर? मला हे दिसायचं कसं?”

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. जुनी एम निब आता काकुनोत बसवली आहे. बाईंसाठी एक प्रत त्याने लिहिते, एका पानावर चारच ओळी, ठिपके ज्वारीएवढे.