तीच का ती?

भरदुपारी लाईन गेलेली. बॅटरी आहे तोवर सेवा सोसायटीच्या कर्जदारांच्या एक्सेल फाईलवरून पायथनची स्क्रिप्ट फिरवून घ्यायची होती. मधेच एक साधा प्रश्न टाकला: मघाशी धरून ठेवलेली शीट आणि आत्ता समोर उघडी आहे ती, एकच ना? 'इज' लावलं, म्हणजे दोन नावांमागं वस्तू एकच का, हे विचारणारा पायथनचा शब्द. उत्तर आलं, फॉल्स. नाही.

या उत्तराची मला फार चीड आहे. कारण माहीत असूनही. पायविन३२, म्हणजे पायथनला एक्सेलशी जोडणारी लायब्ररी, दर मागणीला त्याच शीटवर नवं रॅपर, नवं वेष्टन, चढवून देतं, आणि 'इज' रॅपरच बघतं. दोन बरोबर-चिन्हं टाकली की मुकाट ट्रू येतं, कारण मग तुलना आतल्या खऱ्या वस्तूची, कॉम ऑब्जेक्टची होते. कॉम म्हणजे एका प्रोग्रॅमच्या वस्तू दुसऱ्याला वापरू देणारी विंडोजची पद्धत. कॉमचा कायदाच आहे, आयअननोन, म्हणजे प्रत्येक वस्तूला असलेला मूळ इंटरफेस, मागितला की वस्तूनं दर खेपेला तोच पॉइंटर, मेमरीतला तोच पत्ता, द्यायचा. बाकीच्या इंटरफेसना, म्हणजे वस्तूशी बोलायच्या इतर दारांना, ही सक्ती नाही.

आमच्या आबाजींना हे कळलं असतं. आमच्याकडं, वर्धेच्या बाजूला, गवळाऊ गाई. सगळ्या पांढऱ्या. कोणाच्या पऱ्हाटीत शिरली की रवानगी कोंडवाड्यात. मी आबाजींचं बोट धरून जायचो. आत गाईच गाई, शेणाचा वास, आणि किल्ली कमरेला लावून बसलेला कोतवाल.

"खून सांगा बुढेबुवा, तुमची कोनती?"

"खून कायले पायजे? हाक मारतो. आली त माही."

आणि ते नुसतं "चंद्रे" म्हणायचे. गर्दीतून एक मान वर व्हायची. कोतवाल तरी दंड घ्यायचाच, तो भाग वेगळा.

एक्सेलमध्ये मात्र हाकेला ओ न देणारेही आहेत. व्हीबीएत, एक्सेलच्या आतल्या मॅक्रोच्या भाषेत, 'रेंज ए१ इज रेंज ए१', म्हणजे ए१ हा सेल तोच का, विचारून बघा. फॉल्स! इथं रॅपरचा दोष नाही, एक्सेलच दर वेळी नवा रेंज ऑब्जेक्ट घडवून देतं. मग पत्ता ताडायचा: वही कोणती, शीट कोणती, सेल कोणता. तोही तेवढ्यापुरताच. वर एक ओळ घुसवली की हातातला ए१ गुपचूप ए२ होतो.

आता गाईंचंही पत्त्यावरच चालतं. कानात पिवळा बिल्ला, त्यावर १२ आकडी नंबर. बिल्ला पडला तर नवा मारतात, नंबरही नवा. मग जुन्या नंबराची गाय कुठं चरते, कोण जाणे.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांची गाय वीज पडून मेली. विमा होता. बिल्ला नव्हता, बाभळीला कान घासताना कुठंतरी पडला असावा. टॅग नाही तर क्लेम नाही, हा विम्याचा नियम. गाय तीच, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. सरपंचांनी तसं लिहूनही दिलं.

पैसे काही आले नाहीत.